कांस, काळी जमीन आणि सरकारी दप्तर

१९४८ साली नागपूर येथे मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाने जे कायदे मंजूर केले, त्यांतील एकाच्या नावात एका गवताचे नाव आहे. जमिनींची सुधारणा आणि कांसाचे निर्मूलन हा त्याचा विषय. ज्या भागात कांस माजला असेल तो भाग सरकारने जाहीर करावा, तेथील जमिनी तात्पुरत्या ताब्यात घ्याव्या, त्या यंत्राने नांगरून काढाव्या, मालकाला परत द्याव्या आणि झालेला खर्च जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करावा, असा त्याचा गाभा. ज्यांनी तहसिलीत चार दिवस काढले आहेत त्यांना या शेवटच्या शब्दांचे वजन निराळे सांगावयास नको. भोपाळ संस्थानाचे राज्य झाल्यावर तेथेही १९५४ मध्ये याच नमुन्याचा कायदा झाला. त्याआधी बंगालने १९३६ मध्ये जलपर्णीविरुद्ध कायदा केला होता, म्हणजे तणाविरुद्ध कायदा ही गोष्ट अगदीच अपूर्व नव्हती. तथापि जलपर्णी ही परदेशातून आलेली पाहुणी. कांस हा या भूमीचा मूळ रहिवासी. आपल्याच देशातील एका जुन्या, कवींनी गौरविलेल्या गवतावर कायद्याने चाल करून जाण्याची वेळ सरकारवर का यावी, हा प्रश्न केवळ शेतकीचा नाही. त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे माणूस महसुलाच्या दप्तरात जाऊन पोहोचतो, आणि तेथे त्याला आपल्या ओळखीची पुष्कळ नावे भेटतात.

प्रथम या गवताची ओळख करून घेऊ. संस्कृतातील काश तो हाच. कालिदासाच्या ऋतुसंहारात शरद् ऋतू नववधूसारखा येतो आणि त्याच्या अंगावरचे वस्त्र काशाच्या फुलांचे असते. बंगाल्यात तर काशफूल दिसले की दुर्गापूजा जवळ आली असे लहान मूलही सांगते. सत्यजित राय यांच्या १९५५ च्या ‘पथेर पांचाली’त अपू आणि दुर्गा ज्या पांढऱ्या तुऱ्यांच्या रानातून आगगाडी पाहावयास धावतात, ते रान कांसाचेच. नदीकाठच्या पुळणीवर, रेल्वेच्या भरावावर, पडीत माळावर पावसाळा सरता सरता हे रुपेरी तुरे डोलू लागतात, आणि गाडीच्या खिडकीतून पाहणाऱ्याला ते फार सुंदर दिसतात. खिडकीतून पाहणाऱ्याला, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे.

शेतकऱ्याला हा तुरा दिसतो तेव्हा वेळ बहुधा टळून गेलेली असते. कांसाची पाने अरुंद, लांब, कडांना करवतीसारखी धार असलेली, मधली शीर पांढरी. मुंज हे त्याचेच भावंड, पण ते उंच आणि जाड बुंध्याचे असते. हे वरचे रूप झाले. खरा कांस जमिनीखाली असतो. पेरे पेरे असलेली त्याची आडवी खोडे मातीत पसरतात. प्रत्येक पेऱ्यावर डोळा असतो, आणि त्या पेऱ्यांपासून निघणारी मुळे कित्येक फूट खोल उतरतात. आपल्याकडे हरळीच्या मुळीची चिवटपणाबद्दल ख्याती आहे. पण ज्याने हरळी आणि कांस दोन्ही खणून पाहिले आहेत तो हरळीला गरीब म्हणेल. उथळ नांगराने कांस तुटतो, मरत नाही. उलट प्रत्येक तुकड्याला डोळा असल्यामुळे एकाचे दहा होतात. नांगर फिरविणे हे येथे लावणी करण्यासारखे ठरते. त्यावर बियांची तऱ्हा वेगळीच. तुऱ्यातील हलके, लोकरीसारखे बी वाऱ्यावर कोसच्या कोस जाते. एका शेतकऱ्याच्या पडीत शेताचा उपद्रव साऱ्या गावाला, आणि एका गावाचा शेजारच्या परगण्याला होतो.

आता ही जमीन. झांशी, जालौन, हमीरपूर, बांदा हा बुंदेलखंड, आणि त्याच्या दक्षिणेस सागर, दमोह, जबलपूर व नर्मदेचे खोरे, या टापूत काळी जमीन विस्तीर्ण आहे. बुंदेलखंडी शेतकरी जमिनीचे चार प्रकार सांगतो: मार, काबर, पडुआ आणि राकड. यांतील मार व काबर या काळ्या जाती, पाणी धरून ठेवणाऱ्या, गहू-हरभऱ्याच्या. कांसाचे प्रेम नेमके याच उत्तम जमिनींवर. या जमिनीत पूर्वी खरिपाचे पीक बहुधा घेत नसत. पावसाळाभर शेत मोकळे ठेवावयाचे, ओल जिरू द्यावयाची आणि पाऊस सरल्यावर गहू पेरावयाचा, अशी रीत होती. म्हणजे ज्या चार महिन्यांत कांस जोमाने वाढतो, नेमक्या त्याच चार महिन्यांत शेतात पीक नसते. तेव्हा त्याला आवरावयाचे ते पावसाच्या उघडिपीत वारंवार पाळी घालून. पाळी घालण्याचे तेथील आऊत म्हणजे बखर. दख्खनच्या वखराचाच हा भाऊ. काळ्या जमिनीने नर्मदेच्या दोन्ही अंगांना एकच आऊत आणि जवळजवळ एकच शब्द दिला आहे, ही गोष्ट त्या भागात प्रथम बदलून गेलेल्या मराठी माणसाच्या ध्यानात चटकन येते.

या बखराच्या पात्याच्या आवाक्यातच साऱ्या इतिहासाची किल्ली आहे असे मला वाटते. वाऱ्याने आलेल्या बियांतून उगवलेले कांसाचे कोवळे रोप पहिल्या वर्षी बखराच्या एका पाळीने मरते. तेच रोप दोनतीन पावसाळे सुखाने वाढू दिले तर त्याची खोडे बखराच्या पात्याखाली जाऊन बसतात, आणि मग बखर त्यांच्यावरून नुसता सरकतो. सारा प्रश्न असा काही थोड्या हंगामांचा असतो. ज्या वर्षी बैल धड असतील, घरात माणसे असतील आणि पाऊस उघडीप देईल, त्या वर्षी कांस शेताबाहेर राहतो. यांपैकी एक गोष्ट दोन वर्षे सलग चुकली की तो आत येतो, आणि एकदा आत आला की बैलांच्या बळावर त्याला बाहेर काढणे जवळजवळ अशक्य होते.

शेतकऱ्यांनी यावर एक नामी उपाय शोधला होता. जबलपूरच्या ज्या भागाला हवेली म्हणतात तेथे शेताला चारी बाजूंनी उंच बांध घालून पावसाचे पाणी आतच कोंडत. पावसाळाभर शेताचे तळे होई. पुढे ते पाणी सोडून देत आणि वाफशावर गहू पेरीत. साचलेल्या पाण्याखाली कांसाचा जीव गुदमरतो, इतर तणही कुजून त्याचे खत होते, आणि पाळ्या घालण्याचे कष्ट पुष्कळच वाचतात. नांगराने जे साधत नाही ते पाण्याने साधण्याची ही युक्ती कोणत्याही शेतकी महाविद्यालयात शिकवावी अशी आहे. परंतु बांधाला पैसा लागतो, सपाट जमीन लागते, आणि ज्याला आपली जमीन पुढच्या बंदोबस्तापर्यंत आपल्याकडे राहील याची खात्री आहे असा मालक लागतो. बुंदेलखंडात यांतील तिसरी गोष्टच दुर्मिळ होती.

१७२९ मध्ये बाजीरावाने छत्रसालाला साहाय्य केले आणि छत्रसालाच्या राज्याचा एक हिस्सा पेशव्यांकडे आला, ही कथा सर्वश्रुत आहे. त्यातून सागरास गोविंदपंत बुंदेले यांचा अंमल बसला. झांशी, जालौन येथे मराठी घराणी नांदू लागली, बांद्यास मस्तानीचा वंश राहिला. मोडी लिहिणारे कारकून, कमाविसदार, भिक्षुक, वैद्य अशी एक मराठी वस्तीच त्या काळ्या मातीत रुजली. १८०३ नंतर बांदा-हमीरपूरकडील मुलूख इंग्रजांकडे गेला, १८१८ मध्ये सागर गेले, १८४० मध्ये जालौन आणि १८५४ मध्ये झांशी खालसा झाली. आपल्या इतिहासलेखकांनी या सत्तांतराच्या लढाया आणि तहनामे पुष्कळ तपासले आहेत. त्या मुलखात शेतात काय उगवत होते इकडे मात्र फारसे कोणी पाहिलेले नाही.

जुन्या अमलात सारा हलका होता असा दावा मी करणार नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्या प्रांतात जी धामधूम होती तिच्यात रयतेचे हाल झालेच. परंतु देशी अमलात वसुलीला एक लवचीकपणा असे. पीक बुडाले की सूट द्यावी लागे, कारण न दिल्यास रयत उठून शेजारच्या राजाच्या मुलखात जाई, आणि बुंदेलखंडात शेजारचा राजा चार कोसांवरच असे. इंग्रजी बंदोबस्ताने आकडा ठरवून दिला, तो वर्षानुवर्षांसाठी पक्का केला आणि रोख मागितला. गंगा-यमुनेच्या दुआबात, जेथे विहिरी आहेत आणि पीक सहसा चुकत नाही, तेथे हा पक्केपणा शेतकऱ्याच्या फायद्याचा ठरला असेल. कांसाच्या मुलखात तो घातक ठरला. तेथे लागवडीखालची जमीन स्थिर नव्हतीच. चांगल्या वर्षांत ती फुगे, वाईट वर्षांत आक्रसे. चांगल्या वर्षी मोजणी झाली की त्या फुगलेल्या क्षेत्रावर सारा बसे, आणि पुढे कांस आला, जमीन पडली, तरी कागदावरचा आकडा जागचा हालत नसे.

१८६८-६९ च्या दुष्काळात झांशीकडे माणसे मेली, आणि गुरे त्याहून अधिक मेली. बैल गेला म्हणजे बखर थांबला, आणि बखर थांबला म्हणजे पुढच्या दोन पावसाळ्यांत काळी जमीन कांसाच्या हवाली झाली. सारा द्यावयाचा तो सावकाराकडून काढून. जमीन गहाण पडली. जमीनदार घराणी, त्यांत ठाकूर, अहीर, ब्राह्मण सारेच आले, कर्जात इतकी बुडाली की १८८२ मध्ये सरकारला झांशीतील कर्जबाजारी इस्टेटींसाठी खास कायदा करावा लागला. त्याने तात्पुरते रक्त थांबले. नंतर १८९३ पासूनची अतिवृष्टीची वर्षे आली. पावसाने उघडीप न दिल्यामुळे पाळ्या घालता आल्या नाहीत, गव्हावर तांबेरा पडला, आणि कांस पुन्हा चालून आला. पाठोपाठ १८९६-९७ चा दुष्काळ, आणि मग १८९९-१९०० चा. सागर जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत सुमारे वीस टक्क्यांनी घटली. एका जिल्ह्यातील पाच माणसांमागे एक माणूस नाहीसे झाले, हे वाक्य लिहावयास सोपे आहे.

या आपत्तीचे स्पष्टीकरण दोन बाजूंनी दोन तऱ्हेने दिले जात होते. शेतकरी पाप-पुण्याकडे बोट दाखवीत. सन १८३० च्या सुमारास नर्मदेच्या खोऱ्यात गव्हावर तांबेऱ्याचे संकट आले, तेव्हा लोक त्याचे खापर गोवधावर आणि व्यभिचारादी पातकांवर फोडीत होते, असे स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या १८४४ च्या ग्रंथात नोंदले आहे. ठग्यांचा बंदोबस्त करणारा तोच हा स्लीमन. कांसाबद्दलही एक समजूत रूढ होती. तो येतो तसा दहा-पंधरा वर्षांनी आपण होऊन जातो, तोवर वाट पाहावी, असे लोक म्हणत. हिच्यात तथ्याचा अंश असावा, कारण जमीन दीर्घकाळ न हलविता घट्ट बसू दिली म्हणजे कांसाचा जोर ओसरतो आणि दुसरी गवते त्याची जागा घेतात. पण पंधरा वर्षे पडीत जमिनीचा सारा भरीत वाट पाहणे कोणत्या कुणब्याला परवडणार?

दुसरे स्पष्टीकरण साहेबाचे. बुंदेलखंडी शेतकरी आळशी, बेफिकीर, उधळ्या, हे वर्णन त्या काळच्या बंदोबस्ताच्या अहवालांत आणि गॅझेटियरांत इतके वारंवार येते की ते एकाने दुसऱ्याच्या अहवालातून उतरवून घेतले की काय असा संशय येतो. कांस हा आळसाचा परिणाम, असे एकदा ठरले की साऱ्याचा आकडा तपासण्याची गरज उरत नाही. माझ्या मते येथे कार्यकारणाची साखळी उलटी धरली गेली. शेतकरी आळशी झाला म्हणून कांस आला नाही. बैल मेले, बी संपले, उरले ते साऱ्यात आणि व्याजात गेले, म्हणून पाळ्या चुकल्या आणि कांस आला. कांस आल्यावर जो शेतात दहा वर्षे हात जोडून बसला आहे त्याला पाहून आळशी म्हणणे सोपे असते. तणाचा उपद्रव हा बहुधा रोग नसतो. रोग आधीच घरात शिरलेला असतो, तण हे त्याचे बाहेर दिसणारे लक्षण असते.

मात्र न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे की त्याच नोकरशाहीतील काही अधिकाऱ्यांना ही गोष्ट उमगली होती, आणि ती त्यांनी कागदावर आणली. १९०३ मध्ये बुंदेलखंडासाठी दोन कायदे झाले. एक कर्जबाजारी इस्टेटींचा आणि दुसरा शेतकरी जातींची जमीन बिगरशेतकऱ्यांच्या हाती जाऊ नये म्हणून हस्तांतरावर निर्बंध घालणारा. याहून महत्त्वाची गोष्ट पुढील काही वर्षांच्या बंदोबस्तात झाली. कांसाचा उपद्रव होणाऱ्या काळ्या जमिनीच्या गावांत सारा दीर्घ मुदतीसाठी पक्का न करता, थोड्या थोड्या वर्षांनी प्रत्यक्ष लागवडीचे क्षेत्र पाहून तो कमीजास्त करण्याची पद्धत घालण्यात आली. म्हणजे शंभर वर्षांच्या अनुभवानंतर इंग्रज सरकार जुन्या कमाविसदाराच्या व्यवहारी शहाणपणाशी, अधिक नीटनेटक्या कागदपत्रांसह, येऊन पोहोचले. या बदलाने कांस नाहीसा झाला नाही, परंतु कांस आला म्हणजे घर बुडालेच हे समीकरण ढिले झाले. एका साध्या महसुली नियमाने तणाची नांगी बोथट होऊ शकते, हे कृषिशास्त्राच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही.

दरम्यान दख्खनमध्येही खोल मुळांच्या तणांशी झगडा चाललाच होता. हरळी, कुंदा, लव्हाळा यांच्यापायी कित्येक उत्तम जमिनी वाया जात. उन्हाळ्यात सहा-आठ बैलांचा जड नांगर घालून ढेकळे उन्हात तापवावयाची आणि मागून माणसे लावून मुळ्या वेचावयाच्या, हा तिकडचा मार्ग. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावास लोखंडी नांगर केला तो याच गरजेपोटी लोकप्रिय झाला. आरंभी मात्र लोखंडाने जमीन बिघडते या समजुतीमुळे तो विकला जाईना. पण किर्लोस्करी नांगर ओढावयासही बैलच लागत, आणि कांसाच्या मुलखात उणीव होती ती त्यांचीच. तेथे दुसरेच काहीतरी हवे होते.

ते दुसरे महायुद्धाने पुरविले. अमेरिकन सैन्याने हिंदुस्थानच्या पूर्व सीमेवर रस्ते आणि विमानतळ बांधण्यासाठी आणलेली अवजड यंत्रे युद्ध संपल्यावर येथेच पडून होती. त्यांतील साखळीच्या पट्ट्यावर चालणारे ट्रॅक्टर भारत सरकारने विकत घेतले, डागडुजी करून घेतले, आणि केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी राहिली. बंगालचा १९४३ चा दुष्काळ लोकांच्या डोळ्यांसमोर होता. फाळणीने पंजाबच्या गव्हाचा मोठा भाग पलीकडे गेला होता आणि निर्वासितांचे लोंढे अलीकडे आले होते. ‘अधिक धान्य पिकवा’ ही घोषणा तेव्हा भिंतीवर रंगविण्यापुरती नव्हती, परदेशांतून धान्याची जहाजे येत होती आणि त्यांच्यापायी परकीय चलन चालले होते. अशा वेळी मध्यभागी लाखो एकर उत्कृष्ट काळी जमीन गवताखाली असावी ही गोष्ट राज्यकर्त्यांना टोचणे साहजिक होते. सप्टेंबर १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला शेतकी यंत्रांसाठी एक कोटी डॉलरांचे कर्ज दिले. त्या बँकेकडून स्वतंत्र भारताने घेतलेले हे दुसरेच कर्ज, पहिले रेल्वेसाठी होते. आगगाडीच्या खालोखाल राष्ट्राच्या निकडीत कांसाचा क्रमांक लागला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

कामाची पद्धत सोपी आणि अचूक होती. कांसाची आडवी खोडे बहुतांशी वरच्या फूटभर मातीत असतात. पावसाळ्यात नांगरले तर ती रुजतात. तेव्हा रब्बीनंतर, जमीन दगडासारखी कडक झाल्यावर, एक फुटाच्या वा त्याहून थोड्या अधिक खोलीपर्यंत नांगरावयाचे. बैलांच्या नांगराला हे कधीच साधणार नव्हते. ट्रॅक्टरमागे मोठमोठाली ढेकळे उलटून पडत, त्यांत अडकलेली खोडे मुळांपासून तुटून वर येत, आणि चैत्र-वैशाखाचे ऊन उरलेले काम करी. पहिला पाऊस पडला की ढेकळे आपोआप फुटत. सारे काम जूनच्या आत उरकावयाचे, त्यामुळे माळावर तंबू पडत, इंधनाच्या टाक्या येत, आणि दिवसरात्र पाळ्यांनी यंत्रे चालत. सागर, होशंगाबाद, भोपाळ, विंध्यप्रदेश, मध्यभारत, झांशी या साऱ्या भागांत ही मोहीम चालली आणि दहा लाख एकरांहून अधिक जमीन तिने उलथून काढली. यंत्रे चालविणारी माणसे तयार करण्यासाठी १९५५ मध्ये नर्मदाकाठी बुदनी येथे प्रशिक्षण केंद्र निघाले. ते आजही आहे.

१९५६ पर्यंत सागर-जबलपूर-होशंगाबादचा कारभार नागपूरच्या सचिवालयातून चाले. तेव्हा या मोहिमेच्या कागदांवर मराठी सह्या पुष्कळ असणार हे उघड आहे. कोणते गाव जाहीर करावयाचे, कोणाच्या शेतातील कांस किती दाट, खर्चाचे हप्ते किती, पीक न आलेल्या वर्षी वसुली तहकूब करावयाची की नाही, हे प्रश्न दिल्लीच्या अभियंत्यांनी सोडविलेले नाहीत. ते तहसीलदारांपुढे आले. आणि येथेच जुनी गोष्ट पुन्हा डोके वर काढते. नांगरलेल्या शेतात लगेच पेरावयास बी आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत नियमाने पाळ्या घालावयास बैल ज्याच्याजवळ होते, त्याची जमीन सुटली ती सुटली. ज्याच्याजवळ ते नव्हते त्याच्या शेतात तुटलेल्या एखाद्या पेऱ्यातून कांस पुन्हा उठला, आणि आता साऱ्यासोबत ट्रॅक्टरचे बिलही थकबाकीत जमा झाले. यंत्राने तण मारले. तण ज्या कारणाने येते त्याला यंत्राचा हात पोहोचत नव्हता. लोकांनी या कायद्यांना आव्हाने दिली, आणि भोपाळच्या कायद्याचे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, यात नवल नाही.

मग त्या मुलखातून कांस शेवटी हटला कशाने? माझ्या समजुतीप्रमाणे ट्रॅक्टरने निम्मे काम केले आणि उरलेले सोयाबीनने. १९७० नंतर मध्यप्रदेशात हे पीक झपाट्याने पसरले. ज्या काळ्या जमिनी पिढ्यानुपिढ्या पावसाळ्यात मोकळ्या राहत त्यांत आता खरिपाचे पीक उभे राहिले, तेही निंदणी-कोळपणीचे. तवा धरणाचे पाणी होशंगाबादेकडे (आता नर्मदापुरम) आले आणि दोन पिके हा नियम झाला. कांसाचे ते मोकळे चार महिनेच काढून घेतले गेले. त्याबरोबर हवेलीतील बांधही गेले, कारण कोंडलेल्या पाण्यात सोयाबीन होत नाही. ज्या बांधांनी शेकडो वर्षे ओल, गाळ आणि शेत तिन्ही राखले ते फोडताना फारसा विचार झाला नाही, याची हळहळ वाटते. विहिरींची पातळी पाहणाऱ्यांना ती अधिक वाटत असेल.

यानंतरचा काळ औषधांचा. पानावर फवारल्यावर आतून खोडापर्यंत उतरणारे ग्लायफोसेट कांसासारख्या तणावर चालते. फवारणीची वेळ साधली, म्हणजे पाने हिरवी आणि वाढती असताना ते मारले, तर जमिनीखालचे डोळेही मरतात. परंतु २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने त्याची गणना बहुधा कर्कजनक द्रव्यांत केली, आणि तेव्हापासून त्याच्याबद्दलचा वाद शमलेला नाही. तणांचा अभ्यास करणारी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची संस्था १९८९ मध्ये स्थापन झाली ती जबलपुरास, जुन्या हवेलीच्या दाराशी. जागेची निवड कोणी कशी केली असेल ती असो, उचित झाली.

कांसाच्या चरित्रातील एक प्रकरण अजून राहिले, आणि ते बुंदेलखंडापासून फार दूर घडले. १९१२ मध्ये कोइमतूर येथे ऊसपैदास केंद्र निघाले. तेथे बार्बर आणि त्यांचे सहकारी, पुढे त्यांचे उत्तराधिकारी झालेले टी. एस. वेंकटरामन, यांनी जाड, गोड, पण नाजूक अशा दक्षिणी उसाचा संकर एका रानटी गवताशी केला. ते गवत म्हणजे कोइमतूरच्या रानातील कांस. त्याच्या रसात साखर नावापुरतीच. पण थंडी, दुष्काळ, पाणी साचणे, रोग, सारे सोसून पुन्हा फुटण्याची जी ताकद बुंदेलखंडी शेतकऱ्याच्या मुळावर आली होती, तीच ताकद उसात आणावयाची होती. त्यातून को. २०५ हे वाण १९१८ मध्ये बाहेर पडले आणि पंजाबात पसरले. जाव्यात डच शास्त्रज्ञांनीही तिकडच्या कांसाचा असाच उपयोग केला. आज उत्तर प्रदेशात असो की कोल्हापुरात, ज्या उसावर साखर कारखाने चालतात त्याच्या वंशावळीत कांस कोठेतरी आहेच. को. ७४० च्या किंवा को. ८६०३२ च्या बेण्यावर ज्याने घर बांधले त्या सहकारी चेअरमनला हे आजोळ कोणी सांगितले असेल असे वाटत नाही.

कांसाच्या जाती ठिकठिकाणी फार वेगळ्या असतात. पेशीतील गुणसूत्रांची संख्या चाळीसपासून एकशे अठ्ठावीसपर्यंत आढळते. ऊसपैदासकाराला यांतील प्रत्येक प्रकार मोलाचा. म्हणून १९५० च्या आगेमागे, मध्य भारतात ट्रॅक्टर दिवसरात्र कांस उपटीत असताना, कोइमतूरच्या शास्त्रज्ञांची पथके देशभर नदीकाठ आणि पडीत माळ धुंडीत त्याच गवताचे नमुने गोळा करीत हिंडत होती. ते नमुने मातीसह बांधून, नावे आणि ठिकाणे लिहून, सरकारी खर्चाने नेण्यात येत, आणि तेथे त्यांना पाणी घालून जगविले जात असे.